कोऱ्या पट्टीची आंघोळ

माझ्या नणंदेला लॅबमध्ये सगळे आंघोळबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नसे. "खोटं काय आहे त्यात? लोकांनी पोरांना घातल्या, मी पट्ट्यांना घातल्या," असं त्या म्हणत.

पट्ट्या म्हणजे धातूच्या पट्ट्या. बोटाएवढ्या लांब, नखाहून थोड्या जाड, एका टोकाला भोक आणि भोकाशेजारी ठोकलेला नंबर. ज्या कारखान्यांत टाक्या असतात, ते अशा पट्ट्या एका दांडीत ओवून टाकीच्या आत टांगून ठेवतात. टाकी ज्या धातूची, पट्टीही त्याच धातूची. काही महिन्यांनी दांडी बाहेर काढून लॅबकडे पाठवायची. टाकी काही कापून तपासता येत नाही, पट्टी येते. पट्टीवर गंज, काळा थर, हिरवा थर, जे काय चढलं असेल ते सगळं काढायचं आणि खालच्या चांगल्या धातूला धक्का लावायचा नाही, एवढंच वन्संचं काम. मग पट्टीचं वजन करायचं. ते आधीच्या वजनापेक्षा जेवढं कमी भरेल, तेवढा धातू टाकीतल्या मालानं खाल्ला.

बोलायला सोपं आहे. खरवडून काढायला गेलं तर गंजाबरोबर धातूही निघतो आणि मग वजनाला काही अर्थ राहत नाही. म्हणून अ‍ॅसिडनं काढायचं, आणि अ‍ॅसिडही ज्याचं त्याला. निकेलच्या मिश्रधातूला पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक, गार, आणि तेही अगदी थोडा वेळ. स्टेनलेसला नायट्रिक, चांगलं गरम. स्टेनलेसची पट्टी चुकून पहिल्या पातेल्यात गेली तर गंज राहिला बाजूला, अ‍ॅसिड पट्टीच कुरतडायला लागतं. म्हणून वन्संच्या टेबलावर दोन्ही पातेल्यांच्या मध्ये एक आडवी फळी होती, आणि चिमटेही वेगवेगळे. "सवती आहेत त्या, एका चुलीवर नांदायच्या नाहीत," असं त्या नव्या माणसाला सांगत. हसून सांगत, पण चिमटा इकडचा तिकडे गेला तर हसत नसत.

लग्न त्यांनी केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणत, "एक-दोघांनी विचारलं होतं. वजन करून पाहिलं, कमी भरले." वडील अचानक गेल्यावर धाकट्या भावाचं शिक्षण पुरं व्हावं म्हणून त्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला लागल्या, हे खरं कारण. ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, माझ्या यजमानांनी सांगितलं. भांडी इतकी स्वच्छ निघायला लागली की तेव्हाच्या प्रमुखांनी त्यांना पट्ट्यांच्या टेबलावर बसवलं, आणि त्या निवृत्त होईपर्यंत तिथेच बसल्या.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला त्यांची धास्ती वाटे. आमच्या शाळेतल्या सिस्टर रोज सकाळी नखं तपासायच्या. वन्संनी पहिल्याच दिवशी माझा हात हातात घेतला तेव्हा मला वाटलं, झालं, इथेही तेच. पण त्या म्हणाल्या, "वहिनी, हात चांगले आहेत तुझे. अ‍ॅसिडपासून लांब ठेव." त्यांच्या स्वतःच्या बोटांची टोकं कायम पिवळी असत. नायट्रिकनं कातडी पिवळी होते आणि कितीही साबण लावला तरी जात नाही. हातमोजे घालत असत, पण मोजे कधी ना कधी फाटतातच. घरात भांडी घासायला मात्र मी त्यांना बसू देत नसे. एक ताट घासायला घेतलं की ते उजेडात धरून बघायच्या, पुन्हा घासायच्या, पुन्हा बघायच्या. जेवायची वेळ टळून जायची.

आता मुद्द्याचं. माझे यजमान रंगाच्या कारखान्यात देखभालीचे फोरमन होते. कापड रंगवायचे रंग तिथे एका मोठ्या टाकीत शिजत. टाकी स्टेनलेसची, आणि तिच्या आतली, माल तापवणाऱ्या वाफेच्या नळीची वेटोळी निकेलच्या मिश्रधातूची. त्या वर्षी मालकांनी रंगाची कृती बदलली. नव्या कृतीत मीठ जास्त होतं, आणि मीठ म्हणजे स्टेनलेसचा वैरी. टाक्या विकणारा एक ठेकेदार मालकांच्या कानाशी लागला की ही टाकी आता टिकायची नाही, कारखाना बंद ठेवा आणि नवी बसवा. ह्यांनी भर बैठकीत सांगितलं, "टाकी चांगली आहे. मी रोज तिच्या अंगाखांद्यावर चढतो. चालेल." मालक म्हणाले, ठीक, पट्ट्या टांगू, आणि लॅब सांगेल ते खरं.

बैठकीत हे जोरात बोलून आले, पण त्या दिवसापासून घरात त्यांचा आवाज खाली आला. टाकीच्या खाली एक लोखंडी मचाण होतं आणि त्यावर माणसं उभी राहून झडपा फिरवत. टाकीला खरोखरच भोक पडलं तर उकळता रंग त्यांच्या डोक्यावर. आणि नाहक टाकी बदलली तर कारखाना कित्येक महिने बंद, आणि तीच माणसं घरी. "मी चालेल म्हणालो ना," असं ते मधेच कधीतरी म्हणत, कुणीही काही विचारलेलं नसताना.

काही महिन्यांनी दांडी बाहेर निघाली. ती लॅबला पोचवायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं आणि वाटेत ती घरी आणली. वन्सं मैत्रिणीकडे गेल्या होत्या. पट्ट्यांवर काळा-निळा चिकट थर होता, बघवत नव्हता. ह्यांनी मागच्या अंगणात नळाखाली बसून पट्ट्या एकेक करून काढल्या, आणि कुंपणाचं फाटक रंगवण्याआधी खरवडायला आणलेला तारेचा ब्रश घेऊन खसाखसा घासल्या. मी दारात उभी होते. म्हटलं, "अहो, हे ताईंचं काम ना?"

"ताईच्या टेबलावर असली घाण पाठवू? लोक काय म्हणतील, हिचा भाऊ असा?" आणि वर म्हणाले, "तिचेही कष्ट वाचतील."

मग त्याच क्रमानं दांडीत ओवल्या, ओल्याच्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या दारावर देऊन आले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, माणूस नीटनेटका आहे.

लॅबला सुट्टी लागून आली होती. गुंडाळी तशीच पडून राहिली. वन्संनी ती उघडली तेव्हा पट्ट्यांवर लाल गंजाचे ठिपकेच ठिपके होते.

हे सगळं आम्हांला नंतर कळलं. वन्सं घरी काही बोलल्या नाहीत. पट्ट्या भावाच्या कारखान्याच्या आहेत हे त्यांनी लॅबच्या प्रमुखांना आधीच सांगितलं होतं, आणि हे काम दुसऱ्याला द्या असंही म्हटलं होतं. प्रमुख म्हणाले, "दुसरं कोण आहे? धुवा तुम्ही, वजन मी करीन. आणि अहवाल जाईपर्यंत घरी तोंड बंद." तसं ते बंद होतं. पण वन्सं ताटातला भात नुसता चिवडत बसल्या की मला कळायचं. तिकडे हे मीठ वाढायला सांगायचे आणि मीठ पुढे आलं की त्याच्याकडे वैऱ्याकडे बघावं तसं बघायचे.

"ताई, आज काय काम होतं?" असं एकदा त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आंघोळी."

"कुणाच्या?"

"ज्यांना गरज होती त्यांच्या. तुझीही राहिली असेल तर न्हाणीघर मोकळं आहे."

प्रमुखांनाही लाल ठिपके बघून कोडंच पडलं होतं. मिठानं स्टेनलेसला बारीक खोल भोकं पडतात, असा वरवरचा लाल गंज सगळ्या अंगभर येत नाही. त्यांनी कारखान्यात फोन करून भांडारवाल्याला विचारलं, पट्ट्यांचं काही केलंत का? तो म्हणाला, टाकीतून निघाल्या तशाच इथून बाहेर पडल्या. आणि त्याच्यापुरतं ते खरंच होतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं मागच्या दारी चहा घेत होतो. फाटक अजून रंगवायचंच होतं. मी ह्यांना म्हटलं, "आता तरी त्या फाटकाचं बघा. आणि तो ब्रश बाहेर टाकू नका, त्या दिवशी पट्ट्या घासून तसाच नळाखाली टाकलात, सगळी फरशी लाल झाली."

वन्संचा कप ओठांपाशी थांबला. "कुठल्या पट्ट्या?"

"कारखान्याच्या. तुमच्याकडे पाठवायच्या होत्या ना, त्याच."

"तारेच्या ब्रशनं?" त्यांनी कप खाली ठेवला. "लोखंडी तारेच्या?"

"मग काय, दात घासायच्या ब्रशनं?" हे अभिमानानंच म्हणाले. "आरशासारख्या केल्या होत्या, ताई. तू काही बोललीच नाहीस. वाटलं, निदान बरं म्हणशील."

वन्सं उठल्या, नळापाशी गेल्या, ब्रश उचलला आणि फरशीवरचे लाल डाग वाकून बघितले. मग तिथेच पायरीवर बसल्या आणि इतक्या हसायला लागल्या की डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं, हे मला नंतर समजलं.

"अरे गाढवा," त्या म्हणाल्या, "लोखंड माखून पाठवलंस रे तू मला! तुझ्या ब्रशचं लोखंड पट्टीवर बसलं, ओल्या फडक्यात फुललं. मी रोज तो गंज बघते आणि मला जेवण जात नाही."

ह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे टाकी गंजलेली नाही?"

"ते मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

"मग आता?"

"आता मी साहेबांना सांगणार, की माझ्या भावानं पट्ट्या घासल्या."

ह्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "मालक म्हणतील, मुद्दाम घासल्या. टाकी पास व्हावी म्हणून पुरावा पुसला. तो ठेकेदार तर टपूनच बसलाय."

हे मात्र खरं होतं. वन्संनाही ते पटलं. चाचणी रद्द झाली तर पुन्हा पट्ट्या टांगायच्या, पुन्हा महिने थांबायचं, आणि तेवढं मालक थांबायचे नाहीत, टाकीच बदलतील. म्हणजे ठेकेदाराला हवं तेच.

"मी स्वतः सांगतो," हे शेवटी म्हणाले. "तुझ्या तोंडून कशाला? घासल्या मी."

सोमवारी कारखान्यात जायच्या आधी ते लॅबच्या प्रमुखांकडे गेले आणि तिथून मालकांकडे. मालक रागावले की नाही ते त्यांनी मला सांगितलं नाही. प्रमुख काय म्हणाले ते मात्र घरी येऊन शब्दशः सांगितलं, कारण बुडत्या माणसाला काडी मिळाल्यासारखं त्यांना झालं होतं. प्रमुख म्हणाले होते, "घासल्यानं पट्टी जड होते का? हलकीच होते. म्हणजे आम्हांला जी घट दिसेल ती खऱ्या घटीपेक्षा जास्तच असणार. एवढं असूनही ती थोडी निघाली, तर टाकीला भीती नाही. आणि मिठानं पाडलेलं खोल भोक ब्रशनं बुजत नाही. भोक असेल तर ते सापडेल. मात्र एक जरी सापडलं, तर आम्ही तसं लिहिणार."

"असं म्हणाले?" मी विचारलं.

"असंच. अगदी डोळ्यांत बघून."

मग धुणं सुरू झालं. मी ते पाहिलं, कारण एके दिवशी वन्सं चष्मा घरी विसरून गेल्या आणि मी तो द्यायला गेले. त्या कधी काही विसरत नसत. मला आत बसू दिलं, पण दाराशी. धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात नायट्रिकचं पातेलं तापत ठेवलेलं होतं. वन्संनी आधी मऊ ब्रशनं पट्टी वाहत्या पाण्याखाली धुतली, मग काचेच्या आकडीला अडकवून पातेल्यात सोडली. तिच्या शेजारी आणखी एक पट्टी सोडली, चकचकीत, नवी कोरी.

"ही कशाला?" मी विचारलं. "ही तर स्वच्छ आहे."

"म्हणूनच. अ‍ॅसिड गंज खातं तसं थोडंसं धातूलाही चाखतं. किती चाखतं ते कोरी सांगते. हिचं जेवढं वजन जाईल तेवढं तिच्या खात्यातून वजा. नाहीतर माझ्या पातेल्याचं पाप टाकीच्या माथी."

मग त्यांनी कपाटाची काच खाली ओढली. घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. वेळ झाल्यावर दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, पाण्यात बुडवल्या, वाळवल्या, आणि हात न लावता चिमट्यानं बशीत ठेवून पलीकडच्या खोलीत प्रमुखांकडे दिल्या. ते काचेच्या पेटीतल्या तराजूवर वजन करत. मग बशी परत, पुन्हा पातेलं. निकेलच्या पट्ट्यांचं काम फळीच्या पलीकडे तसंच चाललेलं, गार पातेल्यात, आणि त्यांचीही एक कोरी. पट्ट्यांचे नंबर वाचता येत होते हे नशीब. ह्यांच्या ब्रशनं दोन्ही धातू दिसायला सारखेच करून टाकले होते.

"किती वेळा बुडवायचं?"

"पहिल्या बुडीत पुष्कळ जातं. तो गंज. मग कमी कमी होत जातं. शेवटी ही आणि कोरी सारखंच वजन सोडायला लागतात. म्हणजे हिच्या अंगावर परकं काही उरलं नाही. तिथे थांबायचं. त्याच्या आधी थांबलं तर गंज राहतो, आणि उगाच पुढे गेलं तर आपणच धातू खातो."

लाल ठिपके दिसेनासे झाले होते, ते मला दारातूनही दिसलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "वहिनी, चष्म्याबद्दल आभार. आता घरी जा. आणि काय पाहिलंस ते त्याला सांगू नकोस, कारण तू काहीही पाहिलेलं नाहीस. ठिपके जाणारच होते. ठिपक्याखाली काय आहे ते महत्त्वाचं, आणि ते अजून साहेबांनीही पाहिलेलं नाही."

मी सांगितलं नाही. फार कठीण गेलं. हे माझ्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होते, आणि मी कपड्यांच्या घड्या घालत होते, घातलेल्या पुन्हा मोडून घालत होते.

ज्या दिवशी अहवाल गेला, त्या दिवशी सकाळी वन्सं नेहमीसारख्या बाहेर पडल्या. फाटकापाशी थांबून ह्यांना म्हणाल्या, "आज डबा पुरा खा." एवढंच. ते दिवसभर त्याचा अर्थ लावत बसले असणार.

दुपारी ते घरी आले. कामाच्या दिवशी दुपारी ते कधीच घरी येत नसत. ते आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चालेल."

"काय चालेल?"

"टाकी. चालेल म्हणतात. भोक एकही नाही. घट आहे, पण थोडी. वेटोळीही चांगली." आणि मग हा एवढा मोठा माणूस तोंडावर रुमाल घेऊन बसला. मी पाणी आणलं. ते प्यायले नाहीत, पेला नुसता धरून ठेवला. मालकांनी अहवाल सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता, तारेच्या ब्रशसकट. मचाणावरची माणसं तेव्हापासून ह्यांना बघितलं की हातानं घासल्याची खूण करत. ह्यांना ते आवडायला लागलं होतं, असं मला वाटतं.

वन्सं घरी आल्या तेव्हा हे दारातच उभे होते.

"सकाळी नुसती मान हलवली असतीस तरी चाललं असतं, ताई!"

"आणि मान हलवायची वेळ आली नसती तर? तेव्हा काय केलं असतंस, न हललेल्या मानेचा अर्थ लावला असतास?" मग एकदम मऊ होऊन त्या म्हणाल्या, "डबा खाल्लास ना?"

"अर्धा."

"मग उरलेला आण. मला भूक लागलीय. चांगली लागलीय."

त्या संध्याकाळी आम्ही तिघंही पोटभर जेवलो, बऱ्याच दिवसांनी. त्या दिवशीच्या माझ्या डायरीत बाकी काही नाही, फक्त कुणी काय आणि किती खाल्लं ते लिहिलेलं आहे.

पण ह्यांचं तेवढ्यानं भागलं नाही. पट्टी स्वतः बघायची होती. वन्संनी प्रमुखांना विचारलं, प्रमुखांनी मालकांना, आणि मालक हसून म्हणाले, दाखवा. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं लॅबमध्ये गेलो. प्रमुखांनी पट्टी भिंगाखाली ठेवली आणि ह्यांना स्टूल दिलं. हे डोळा लावून बघायला लागले. पट्टी हळूहळू सरकवत बघत राहिले.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"ब्रशचे ओरखडे," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

"नीट बघ," वन्सं म्हणाल्या.

"नीटच बघतोय. काहीच नाही, ताई. सगळीकडे काहीच नाही."

त्यांनी पट्टी उलटी करून द्यायला सांगितलं. वन्संनी चिमट्यानं उलटी केली, आणि ते पुन्हा पहिल्या टोकापासून बघायला लागले. जेवणाची घंटा झाली, प्रमुख हात धुऊन निघून गेले. आम्ही दोघी दोन स्टुलं ओढून बसलो. त्यांना घाई करायचं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.